मंगळावरच्या घराची डागडुजी

सोसायटीच्या तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर एखाद्या सकाळी बंद पडते. तासभर कोणाला कळतही नाही, कारण वरच्या टाकीत कालचं पाणी असतं. मग नळ फुसफुसायला लागतात, वॉचमनला हाका जातात, इलेक्ट्रिशियन येतो, मोटर काढून रिवाइंडिंगला नेतो आणि तोवर टँकर मागवला जातो. रात्रीपर्यंत पाणी येतं आणि सगळे विसरून जातात. हे आपण सहज निभावतो, कारण भिंतीपलीकडे एक अख्खं शहर उभं असतं. मोटर दुरुस्त करणारा, वायसर विकणारा, टँकरवाला आणि फोन उचलणारा कोणीतरी तिथे असतो.

हीच मोटर मंगळावरच्या घरात बंद पडली तर?

पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोहोचायला दोन्ही ग्रहांमधल्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. ‘मोटर गुरगुरते, पण पाणी चढत नाही, काय करू?’ या प्रश्नाचं उत्तर यायला पाऊण तासही लागू शकतो. मंगळाकडे यान सोडायला सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदा येते आणि प्रवासाला ६ ते ९ महिने लागतात. ती वेळ नुकतीच हुकली असेल, तर एक साधा वायसर हातात पडायला जवळजवळ तीन वर्षं जातील. बाहेर हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आणि सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. श्वासाची हवा, पाणी आणि ऊब यांपैकी काहीही तिथे आपसूक मिळत नाही. प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या यंत्रातून येते, आणि यंत्र कधी ना कधी बिघडतंच.

मंगळावर घर कसं बांधायचं याची चित्रं आपण पुष्कळ पाहतो. ते घर रोज चालू कसं ठेवायचं, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधण्यासाठी पृथ्वीवरच ओसाड जागी सरावाची मंगळघरं बांधली गेली आहेत. तिथे राहणारी माणसं दगडमातीचे नमुने गोळा करतात, झाडं वाढवतात, एकमेकांशी जमवून घ्यायला शिकतात. पण त्यांच्या दिवसाचा मोठा वाटा पाना, मल्टिमीटर आणि नोंदवही यांच्या सोबतीत जातो. मंगळाच्या तयारीला या डागडुजीतून काय मिळतं, ते पाहू.

पहिल्या घराची सुरुवातच दुरुस्तीने

अमेरिकी अभियंता रॉबर्ट झुब्रिन यांनी १९९८ साली मार्स सोसायटी स्थापन केली. तिचं पहिलं सरावघर २००० साली कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या डेव्हन बेटावर उभं राहिलं. बेट निर्मनुष्य, थंड आणि खडकाळ आहे. तिथे रस्ता नाही, म्हणून सामान विमानातून पॅराशूटने खाली सोडलं गेलं. त्यातली एक खेप पॅराशूटपासून सुटून जमिनीवर आदळली. बांधकामासाठी लागणारी क्रेन, ट्रेलर आणि घराचे फायबरग्लासचे मजले नष्ट झाले. उन्हाळ्याचे मोजकेच आठवडे हाताशी होते. जमलेल्या लोकांनी क्रेनशिवाय भिंती उभ्या केल्या आणि मजले लाकडाचे केले. मंगळावर राहण्याचा सराव घर पूर्ण होण्याआधीच सुरू झाला होता.

दुसरं घर २००१-०२ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या युटा राज्यात, हँक्सव्हिल या छोट्या गावाजवळच्या लाल वाळवंटात उभारलं गेलं. त्याचं नाव मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन. सुमारे ८ मीटर व्यासाचं हे दुमजली गोल घर आहे. खालच्या मजल्यावर स्नानगृह, शौचालय आणि बाहेर जाण्यासाठी एअरलॉक म्हणजे दोन दारांमधली खोली. वरच्या मजल्यावर झोपण्याच्या चिंचोळ्या खोल्या आणि स्वयंपाकघर. आजूबाजूला हरितगृह, प्रयोगशाळेचा घुमट, दुर्बिणी आणि दुरुस्तीचं दालन. साधारण सहा-सात जणांच्या तुकड्या बहुधा दोन-दोन आठवड्यांसाठी येतात. प्रत्येक तुकडीत एक अभियंता असतो, आणि घर चालू ठेवणं ही त्याची किंवा तिची जबाबदारी.

रोज संध्याकाळची नोंद

या स्टेशनवरून रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळात काही अहवाल बाहेर पाठवले जातात. त्यात अभियंत्याचा अहवाल असतो आणि तो वाचायला अगदी रुक्ष आहे. बॅटऱ्या काल रात्री किती टक्के होत्या, आज सकाळी किती. जनरेटर किती तास चालला. बाहेरच्या मोठ्या टाकीत पाणी किती, माळ्यावरच्या टाकीत किती. प्रोपेन गॅस किती उरला. फिरायच्या विजेवरच्या गाड्या (त्यांना स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी, क्युरिऑसिटी अशी मंगळावरच्या खऱ्या बग्ग्यांचीच नावं दिली आहेत) निघताना किती टक्के भरलेल्या होत्या आणि परतल्या तेव्हा किती उरल्या.

एका दिवसाचे हे आकडे फारसं काही सांगत नाहीत. आठवड्याचे आकडे एकाखाली एक लिहिले की मात्र ते बोलू लागतात. समजा, पाण्याचा खर्च रोज सारखाच आहे, पण बाहेरची टाकी नेहमीपेक्षा वेगाने उतरते आहे. म्हणजे कुठेतरी गळती आहे, अजून डोळ्यांना दिसलेली नाही इतकंच. समजा, आकाश निरभ्र असूनही सकाळची बॅटरी रोज दोन टक्क्यांनी कमी भरते आहे. म्हणजे एकतर रात्री कुठलं तरी उपकरण जास्त वीज खातं आहे, किंवा बॅटरीचं वय झालं आहे, किंवा सौरपट्ट्यांवर धूळ साचली आहे. प्रत्येक शक्यता तपासायची पद्धत वेगळी. पण तपासायला हवं हे कळतं ते नोंदीमुळेच.

देखभालीचं मूळ तत्त्व यात दिसतं. बहुतेक यंत्रं एकदम मरत नाहीत. आधी ती थोडी गरम होतात, थोडा आवाज करतात, थोडी जास्त वीज घेतात. ही चाहूल ओळखता आली, तर बिघाड होण्याआधी, आपल्या सोयीच्या वेळी दुरुस्ती करता येते. चाहूल सुटली, तर दुरुस्तीची वेळ यंत्र ठरवतं, आणि ती बहुधा रात्रीची असते.

पाणी: टाकी, पंप आणि थंडी

युटातल्या घराची पाण्याची व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. बाहेर मोठी टाकी, आत माळ्यावर छोटी टाकी आणि मधे पंप. बाहेरच्या टाकीची पातळी म्हणजे एकूण साठा, माळ्यावरची म्हणजे आजची सोय. ही टाकी भरायला कोणी विसरलं, तर भांडी घासताना नळ कोरडा पडतो. भरताना लक्ष ठेवायला विसरलं, तर पाणी वाहून जातं.

वाळवंटातली हिवाळी रात्र शून्याखाली जाते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपमध्ये फुगायला जागा नसली तर पाइप तडकतो. तडा लगेच कळत नाही, कारण त्यात बर्फच बुचासारखा बसलेला असतो. सकाळी ऊन आलं, बर्फ वितळला की पाणी वाहायला लागतं. यावर उपाय तीन आहेत: पाइपभोवती उष्णतारोधक वेष्टण, गरज पडल्यास विजेची तापणारी तार, आणि वापर नसताना पाइप रिकामा ठेवणं. तिसऱ्या उपायाला ना वीज लागते ना सुटा भाग. फक्त माणसाला सवय हवी. सरावघरात अशा सवयींची किंमत कळते.

मंगळावर आणखी एक फरक पडेल. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे. नळापासून ३ मीटर उंचीवर टाकी ठेवली, तर पृथ्वीवर त्या उंचीमुळे नळाशी सुमारे ०.३ बार एवढा जादा दाब मिळतो (समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १ बार असतो). मंगळावर तीच टाकी जेमतेम ०.११ बार देईल. म्हणजे केवळ उंचीच्या भरवशावर चालणारी साधी, न बिघडणारी व्यवस्था तिथे अशक्त ठरेल आणि पंपावरचा भार वाढेल. पृथ्वीवर ‘हे तर आपोआप चालतं’ असं वाटणारी प्रत्येक गोष्ट अशी पुन्हा मोजून पाहावी लागते.

वीज: रात्र, ढग आणि एक अपघात

सुरुवातीला युटाचं घर जनरेटरवर चालायचं. पुढे सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या आल्या आणि जनरेटर पाठीशी राखीव राहिला. सौरविजेचं गणित सोपं पण निर्दय आहे. दिवसा जेवढं साठवाल तेवढंच रात्री वापराल. म्हणून सूर्य असतानाच गाड्या भरायच्या, पाणी चढवायचं, जास्त वीज खाणारी कामं उरकायची, आणि रात्री फक्त जीव राखणारी उपकरणं चालू ठेवायची. मंगळावर हे गणित आणखी कडक आहे. तिथे पोहोचणारा सूर्यप्रकाश पृथ्वीजवळच्या प्रकाशाच्या सरासरी ४३ टक्के आहे, आणि वर धूळ. नासाची ऑपॉर्च्युनिटी बग्गी २०१८ च्या प्रचंड धूळवादळात कायमची गप्प झाली. इनसाइट या यानाच्या पट्ट्यांवर धूळ साचत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याची मोहीम संपली.

विजेचा धडा पृथ्वीवरच्या आणखी एका सरावघरातही मिळाला. हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे २,५०० मीटर उंचीवर, हवाई विद्यापीठाने हाय-सीज नावाचं सरावघर चालवलं. सुमारे ११ मीटर व्यासाचा पांढरा घुमट, सौरपट्ट्या, बॅटऱ्या आणि राखीव व्यवस्था. नासाच्या मदतीने तिथे चार महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या मोहिमा झाल्या. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१६ अशी वर्षभराची मोहीम सहा जणांनी पार पाडली. बाहेरच्या प्रत्येक संदेशाला जाताना २० मिनिटं आणि येताना २० मिनिटं असा विलंब मुद्दाम ठेवलेला होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथली सहावी मोहीम सुरू झाली आणि अवघ्या चार दिवसांत थांबली. ढगाळ हवेमुळे बॅटऱ्या उतरल्या होत्या. राखीव जनरेटरवर जाण्याच्या खटाटोपात एका सदस्याला विजेचा धक्का बसला. सराव तिथल्या तिथे थांबवून बाहेरून रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्या सदस्याला रुग्णालयातून लवकरच घरी सोडण्यात आलं, पण मोहीम पुन्हा सुरू झाली नाही.

या घटनेतून अभियंत्यांना बरंच शिकता येतं. घर नेहमीच्या व्यवस्थेवर चालत असताना धोका कमी असतो. एका व्यवस्थेवरून दुसरीवर जाताना तो वाढतो, कारण ते काम रोजचं नसतं, घाईत होतं, अंधारात होतं आणि करणारा दमलेला असतो. म्हणून राखीव व्यवस्था असणं पुरेसं नाही. ती ठरावीक दिवसांनी, सगळं ठीक असतानाच, मुद्दाम चालवून पाहावी लागते. विजेच्या पॅनेलमध्ये हात घालण्याची वेळच येऊ नये, अशी अदलाबदलीची सोय रचनेतच हवी. मंगळावर रुग्णवाहिका नाही.

धूळ आणि चिखल

युटातल्या स्टेशनभोवतीच्या जमिनीत बेंटोनाइट ही चिकणमाती आहे. तिच्यात पाणी धरून फुगणारं माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीतही हेच खनिज आहे. पावसाने किंवा वितळलेल्या बर्फाने ही जमीन भिजली, की चाकं रुततात, बुटांना मणभर चिखल चिकटतो आणि बाहेर जाणं थांबवावं लागतं. मंगळावरही अशा फुगणाऱ्या चिकणमातीचे थर यानांनी शोधले आहेत, पण तिथे आज पावसाचा चिखल नाही. तिथली अडचण कोरडी धूळ.

ही धूळ अतिशय बारीक आहे. हवेत तरंगणारे तिचे कण काही मायक्रॉन एवढेच असतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पटीत. ती सांध्यांत शिरते, रबरी सील झिजवते, पंख्याच्या जाळ्या भरते. वर तिच्यात परक्लोरेट हे क्षार आहेत. ते फिनिक्स यानाला २००८ मध्ये सापडले, आणि शरीरात गेले तर थायरॉइड ग्रंथीच्या कामात ते अडथळा आणू शकतात. त्यामुळे एअरलॉकच्या दाराची रबरी कड पुसणं हे मंगळावर आरोग्याचंही काम ठरेल.

युटात बाहेर जाताना नकली अंतराळवेश घालतात. त्यात खरा दाब नसतो. पाठीवरचा पंखा शिरस्त्राणात हवा सोडतो. एअरलॉकमध्ये हवा काढल्याचं मानून काही मिनिटं थांबायचं आणि मगच बाहेरचं दार उघडायचं. हा खेळ वाटेल, पण दुरुस्तीच्या दृष्टीने त्याचा परिणाम खराच असतो. बाहेरच्या टाकीजवळ एक नट आवळायचा आहे. घरातल्या हाताने ते दोन मिनिटांचं काम. जाड हातमोज्यांत नट हातातून निसटतो, शिरस्त्राणामुळे खाली वाकून दिसत नाही, काचेवर वाफ धरते, आणि पाना आत राहिला असेल तर सगळा क्रम पुन्हा. दोन मिनिटांचं काम तासावर जातं. मग कळतं, की बाहेरचा नट मोठा हवा, पडला तरी हरवू नये म्हणून दोरीने बांधलेला हवा, किंवा मुळात तो घराच्या आतल्या बाजूला असायला हवा.

सुटे भाग किती न्यायचे?

पूर्वी कोकणातल्या घरांत मृगाच्या आधी बेगमी व्हायची. चार महिने वाटा बंद. लाकडं, तांदूळ, मीठ, सुकी मासळी, पापड सगळं मोजून भरायचं. कमी पडलं तर उपास, जास्त झालं तर भुंगे लागणार. मंगळावरचे सुटे भाग म्हणजे अशीच बेगमी आहे. फक्त पावसाळा तीन वर्षांचा आणि माळा अगदी लहान.

कुठलीही वस्तू मंगळावर नेणं अतिशय महाग, त्यामुळे प्रत्येक यंत्राचं दुसरं यंत्र नेता येत नाही. आणि काहीच नेलं नाही तर काय होईल? एक हिशेब करून पाहू. समजा, घरात १०० महत्त्वाचे भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर नीट चालण्याची शक्यता ९९ टक्के आहे. ऐकायला छान वाटतं. पण सगळे १०० भाग वर्षभर नीट चालण्याची शक्यता काढायला ०.९९ हा आकडा शंभर वेळा गुणावा लागतो. उत्तर येतं सुमारे ३७ टक्के. म्हणजे अशा तीन घरांपैकी जवळजवळ दोन घरांत वर्षभरात काही ना काही बिघडणार, प्रत्येक भाग उत्तम असूनसुद्धा.

यावर अभियंते तीन वाटा काढतात.

पहिली वाट सारखेपणाची. पाण्याला, हरितगृहाला आणि सांडपाण्याला मिळून पाच वेगवेगळ्या जातींचे पंप असतील, तर प्रत्येकाचा एक असे पाच राखीव पंप न्यावे लागतील. पाचही ठिकाणी एकच पंप बसेल अशी रचना केली, तर दोन राखीव पंपांत बरंच भागू शकतं. अगदीच अडलं तर कमी गरजेच्या जागचा पंप काढून जास्त गरजेच्या जागी लावता येतो.

दुसरी वाट भाग उघडता येण्याची. पंप म्हणजे एकसंध डबा असेल, तर आतला पाच ग्रॅमचा सील गेल्यावर पाच किलोचा डबा फेकावा लागतो. तो स्क्रूने उघडत असेल, तर फक्त सील न्यायचे.

तिसरी वाट तिथेच भाग बनवण्याची. डिसेंबर २०१४ मध्ये पृथ्वीवरून पाठवलेल्या आराखड्यावरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या त्रिमितीय छपाई यंत्राने एक पाना तयार केला. यंत्रात प्लॅस्टिकचा धागा असेल, तर न्यायचा असतो तो कच्चा माल. त्यातून कोणता भाग बनवायचा ते गरजेप्रमाणे ठरतं. दाब, उष्णता किंवा वीज सोसणारे सगळे भाग असे छापता येत नाहीत, पण मुठी, चिमटे, झाकणं, आधार देणारे कोन हे नक्कीच.

कल्पनेबाहेरचे बिघाड

काही बिघाड कागदावर कोणालाच सुचत नाहीत. ते फक्त राहून कळतात.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये बायोस्फिअर-२ या काचेच्या बंद इमारतीत १९९१ साली आठ माणसं दोन वर्षांसाठी राहायला गेली. आत झाडं, शेती, छोटा समुद्र. हवा तीच फिरत राहणार. हळूहळू ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि अखेर बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते, एवढं समजण्यासारखं होतं. पण मग हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या प्रमाणात वाढायला हवा होता, तो वाढत नव्हता. उत्तर भिंतींत सापडलं. उघडं काँक्रीट कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट करत होतं. झाडांकडून ज्याचा पुन्हा ऑक्सिजन व्हायचा, तो कार्बन डायऑक्साइड असा भिंतीत अडकला.

दुसरं उदाहरण अंतराळ स्थानकातलं. तिथे लघवीतून पिण्याचं पाणी काढणारं यंत्र २००८ च्या अखेरीस बसवलं गेलं. लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळावं, अशी त्याची रचना होती. थोड्याच काळात ते तुंबलं. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम कमी होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी टिकवण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल वापरलं जात होतं. दोघांच्या संयोगाने कॅल्शियम सल्फेटचे खडे धरले आणि यंत्र बंद पडलं. पृथ्वीवरच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं, कारण पृथ्वीवरच्या माणसांच्या लघवीत एवढं कॅल्शियम नसतं. तात्पुरता उपाय म्हणून कमी पाणी काढायचं ठरलं. कायमचा उपाय म्हणून आम्ल बदलून फॉस्फोरिक केलं. मागे उरणाऱ्या दाट द्रवातूनही पाणी काढणारं यंत्र पुढे आलं. २०२३ साली स्थानकावरच्या एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्याचा पल्ला गाठला गेला.

यंत्र, माणसाचं शरीर आणि इमारतीच्या भिंती यांना एकाच घरात बराच काळ एकत्र ठेवल्याशिवाय असे धागे दिसत नाहीत. सरावघरांचं खरं पीक ते हेच.

सुधारणा होते ती बिघाडांतून

युटातलं स्टेशन आज सुरुवातीसारखं राहिलेलं नाही. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस तिथलं हरितगृह आगीत नष्ट झालं. ते मुख्य घरापासून वेगळं होतं, म्हणून राहतं घर वाचलं. नंतर नवं हरितगृह बांधलं गेलं. वेगवेगळी कामं वेगवेगळ्या छपरांखाली ठेवण्याचा फायदा असा प्रत्यक्ष दिसला. पण वेगळ्या इमारती म्हणजे प्रत्येक फेरीला अंतराळवेश. त्यासाठी इमारतींना जोडणारे बोगद्यासारखे मार्ग उभारले गेले, म्हणजे घरातून हरितगृहात वेश न घालता जाता येतं.

दुरुस्तीसाठी जागाही स्वतंत्र झाली. चिनूक हेलिकॉप्टरच्या जुन्या सांगाड्यातून दुरुस्ती आणि जुळणीचं दालन तयार केलं गेलं. ही सुधारणा साधी दिसते, पण महत्त्वाची आहे. जेवणाच्या टेबलावर धुळीने माखलेली मोटर उघडावी लागली, तर अन्नात धूळ जाते, स्क्रू हरवतात आणि काम अर्धवट ठेवता येत नाही. कामाला ओटा, उजेड आणि प्रत्येक हत्याराची ठरलेली जागा मिळाली, की दुरुस्ती जलदही होते आणि कमी चुकते.

नासाच्या ह्यूस्टनमधल्या सरावघरात तर अडचणी आराखड्यातच घातल्या आहेत. सुमारे १,७०० चौरस फुटांच्या, त्रिमितीय छपाईने बांधलेल्या या घरात चार जण २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ असे ३७८ दिवस राहिले. संदेशांना २२ मिनिटांपर्यंतचा विलंब, साधनांची टंचाई, उपकरणांचे बिघाड असे ताण त्यांच्यावर हेतुपुरस्सर आणले गेले. माणूस दमलेला असताना, एकटा असताना, विचारायला कोणी नसताना दुरुस्ती कशी करतो, हे मोजणं हा या अभ्यासाचा भाग आहे.

पृथ्वीवरच्या सरावाला मर्यादा आहेत. इथे गुरुत्वाकर्षण कमी करता येत नाही, किरणोत्साराचा मारा होत नाही, आणि भिंतीला भोक पडलं तर हवा बाहेर धावत नाही. जिवावर बेतलं, तर सराव सोडून दार उघडता येतं, आणि उघडायलाच हवं. म्हणून सरावघर एखादं यंत्र मंगळावर चालेलच असं सिद्ध करू शकत नाही. ते चालवणाऱ्या माणसाची पद्धत, नोंदी, हत्यारं आणि घराची मांडणी मात्र इथे कसून तपासता येते.

> चौकट: थोडक्यात
> • मंगळावर सुटा भाग मागवला तर जवळजवळ तीन वर्षंही लागू शकतात. त्यामुळे घर तिथल्या माणसांनाच दुरुस्त करता यायला हवं.
> • रोजच्या नोंदींतून बिघाडाची चाहूल आधी लागते.
> • राखीव व्यवस्था सगळं ठीक असतानाच नियमित चालवून पाहायची. एका व्यवस्थेवरून दुसरीवर जाताना अपघाताचा धोका वाढतो.
> • कमी जातींचे, उघडता येणारे भाग वापरले तर कमी बेगमीत जास्त काळ निभावतं.
> • यंत्र, शरीर आणि इमारत यांच्यातले छुपे संबंध एकत्र राहूनच कळतात.
> • जाड हातमोज्यांनी करता येत नाही ती दुरुस्ती मंगळावर करता येत नाही, असं समजून रचना करायची.

लडाखमध्ये आता आपली पाळी

नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह इथे भारताचा पहिला असा सराव सुरू झाला. इस्रोचं मानवी अंतराळ उड्डाण केंद्र, आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि मुंबईतली आयआयटी यांचा हा एकत्रित प्रयत्न होता. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्याच त्सो कार खोऱ्यात, सुमारे ४,५३० मीटर उंचीवर, ‘होप’ हे केंद्र सुरू झालं. ८ मीटर व्यासाचं राहण्याचं दालन आणि त्याला जोडलेलं ५ मीटरचं सेवादालन अशी त्याची रचना. तिथली कडाक्याची थंडी, विरळ हवा, तीव्र अतिनील किरणं आणि खारट गोठलेली जमीन यंत्रांना खऱ्या अर्थाने झिजवतील. युटाच्या वाळवंटापेक्षा ही परीक्षा काही बाबतींत अधिक कठीण आहे.

अशा केंद्राच्या बातम्यांत घुमटाची छायाचित्रं आणि अंतराळवेशातली माणसं येतात. पण केंद्राचं मोल ठरेल ते दहा वर्षांनी, त्याच्या दुरुस्तीच्या वहीवरून. कोणता सील किती थंडीत तडकला, कोणत्या बॅटरीने किती हिवाळे काढले, कोणता पाइप कुठल्या महिन्यात गोठला, कोणतं काम हातमोज्यांत जमलं नाही. या नोंदी सलग ठेवल्या गेल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांपासून आयटीआयपर्यंतच्या मुलांना वाचायला मिळाल्या, तर इथून मंगळघराचे उत्तम आराखडेही तयार होतील आणि ते घर चालवणारे हातही. त्या वहीची पहिली पानं आत्ताच, पहिल्याच मोहिमांपासून काळजीपूर्वक लिहिली जायला हवीत, कारण मागच्या हिवाळ्याची नोंद पुढच्या उन्हाळ्यात करता येत नाही.